साहेबांचं कोपर

जगातलं कुठलंही भांडण, मग ते दोन देशांचं असो की दोन जावांचं, माणसांना योग्य खुर्च्यांवर बसवलं की निम्मं मिटतं आणि चहा येईपर्यंत कुणाला तोंड उघडू दिलं नाही की उरलेलं निम्मं मिटतं, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो शारजात आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहत होता. ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, पण ती वाचायची तसदी बिल्डिंगमध्ये कुणी घेतली नाही. वॉचमनपासून माझ्या बायकोपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘साहेब’ म्हणत. मला स्वतःला साहेब या जातीचं उपजत कौतुक नाही. झेंडा लावलेली गाडीही पंक्चर होते, यावर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे. त्यामुळे खाली एक माजी राजदूत राहायला येतोय हे कळल्यावर मी बायकोला म्हणालो होतो, की आता घरात खुर्ची सरकवायचीसुद्धा परवानगी काढावी लागणार. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात साहेब कोट-टाय घालून आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या दोन्ही तळहातांवर, एखाद्या राजाला नजराणा द्यावा तसा, पातळ कागदात नीट घडी करून ठेवलेला माझा बनियन होता. तो आमच्या गॅलरीतल्या दोरीवरून उडून त्यांच्या गॅलरीत पडला होता. साहेब किंचित वाकून म्हणाले, “हे आपल्या हद्दीतून आमच्या हद्दीत आलं. आमची काहीही तक्रार नाही.” त्या बनियनला दोन भोकं होती. मी तो दोन्ही हातांनी स्वीकारला.

आमच्यासारखे दुबईत नोकरी करणारे लोक शारजात राहतात ते भाडं परवडतं म्हणून. त्याचा मोबदला रोज सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ करत चुकता करावा लागतो. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या माझ्या ऑफिसात मी जेवढा बसलो असेन, त्याहून जास्त मी स्टिअरिंगमागे बसलोय. साहेबांना यातलं काहीच लागू नव्हतं. त्यांना नोकरी नव्हती, पेन्शन बरं होतं, दुबईत समुद्राकाठी आरामात राहिले असते. शिवाय शारजात दारूला बंदी. एवढा जग पाहिलेला इंग्रज इथे का आला, हे कोडं मला सुटेना, म्हणून एकदा विचारलंच. साहेब म्हणाले, “मिस्टर साठे, मी नोकरीभर देशासाठी प्यायलो. समोर येईल ते, येईल तेवढं, हसतमुखानं. निवृत्त झाल्यावर अशी जागा शोधली, की जिथे कुणी माझ्या हातात ग्लास देणार नाही. अशा जागा थोड्याच आहेत, आणि त्यातल्या एकाच ठिकाणी चहा चांगला मिळतो.”

हा चांगला चहा म्हणजे बिल्डिंगखालच्या दाऊदभाईंच्या कॅफेटेरियातली करक चाय, म्हणजे दुधात आटवलेला कडक चहा. दाऊदभाई मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मिसरूड फुटायच्या आधी इथे आले, चहाच्या पातेल्यावर उभे राहिले आणि त्याच पातेल्यावर त्यांनी संसार केला. साहेब रोज संध्याकाळी तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाठ न टेकता, राष्ट्रगीत सुरू होण्याच्या बेतात असल्यासारखे बसत. कागदी कप तीन बोटांत धरत. दाऊदभाईंशी त्यांचं संभाषण उर्दूत चाले. साहेब उर्दू शिकले होते ते खात्याच्या खर्चानं, आणि शिकवणारा बहुधा एखाद्या नवाबाच्या पदरी असावा. टॅक्सीवाल्याला ते म्हणत, “जनाब, आपकी इजाज़त हो तो हम बाएँ मुड़ जाएँ.” पेशावरकडचे दांडगे ड्रायव्हर, जे माझ्याशी फक्त हॉर्नच्या भाषेत बोलतात, ते साहेबांसाठी खाली उतरून दार उघडत.

प्रोटोकॉल हा साहेबांचा धर्म. लिफ्टमध्ये आधी कोण शिरणार हे वय, पद आणि मुक्कामाचा काळ पाहून ठरावं, असं त्यांचं मत. त्यामुळे साहेब हातानं सगळ्यांचा क्रम लावत असताना दार मिटून लिफ्ट अनेकदा रिकामीच निघून जाई. त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. वॉचमनशी एसीच्या गळतीवरून बोलून आले, की सांगत, “चर्चा मोकळी आणि उपयुक्त झाली.” काही महिन्यांनी मला त्याचा अर्थ लागला. मोकळी म्हणजे आरडाओरडा झाला, आणि उपयुक्त म्हणजे एसी अजून गळतोय. बायकोने एकदा हौसेने त्यांना डाळिंबी उसळ दिली, तर ती चाखून ते म्हणाले, “हिच्यात भविष्यातल्या सहकार्याला बराच वाव आहे.” बायको आठवडाभर खुशीत होती. मी तिला अर्थ सांगितला नाही. घरात शांतता हवी असेल तर राजनीती मलाही थोडी येते.

पण त्यांची खरी शोभा दिसे ती राष्ट्रीय दिनांना. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मं जग भाड्याने राहतं. ज्याचा राष्ट्रीय दिन असेल त्याच्या दाराशी साहेब सकाळी गडद सूट घालून अभिनंदनाला हजर. अडचण एवढीच, की बिल्डिंगमधल्या बहुतेक देशांचा राष्ट्रीय दिन म्हणजे साहेबांचे वाडवडील तिथून निघून गेले तो दिवस. साहेबांना याची पूर्ण जाणीव होती. पंधरा ऑगस्टला आमच्याकडे येऊन ते हात मिळवत, जिलबी घेत आणि जाताना आवाज उतरवून म्हणत, “निघायला आम्हाला अंमळ उशीर झाला. क्षमस्व.” हेच वाक्य ते पाकिस्तानी, श्रीलंकन, केनियन आणि सुदानी दारांवरही म्हणत असावेत, कारण त्या त्या दिवशी त्या त्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येई.

एवढा थाट, तर कारकीर्द केवढी असेल असं वाटावं. साहेबांनी स्वतः ती मला एका संध्याकाळी पाच मिनिटांत सांगितली. ज्या देशांचं नाव भूकंप झाल्याशिवाय पेपरात येत नाही, अशा देशांत त्यांच्या नेमणुका झाल्या. लंडनला त्यांनी इतके अहवाल पाठवले, की ते कुणी वाचले असते तर त्यालाही पेन्शन द्यावं लागलं असतं. एकदा मासेमारीच्या करारासाठी त्यांनी दोन वर्षं वाटाघाटी केल्या. सहीला पेन उघडलं आणि समोरचं सरकारच पडलं. दुसऱ्यांदा समोरचं सरकार टिकलं, पण लंडनमध्ये मंत्री बदलला आणि नव्या मंत्र्याला मासे आवडत नव्हते. तिसरा करार झाला खरा, पण सही करायला ऐनवेळी विमानातून दुसराच कुणी उतरला. त्या समारंभाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात एकटाच लटकत होता. मध्ये दोन मंत्री सह्या करताहेत, मागे झेंडे आहेत, आणि अगदी उजव्या कडेला, चौकटीने कापलेलं, कोटाच्या बाहीतलं एक कोपर. त्या कोपराच्या पुढे, फोटोत न दिसणाऱ्या हातात, शाई टिपायचा कागद होता.

“हा मी,” साहेब म्हणाले.

मी हसलो. तेही हसले. मग फोटो सरळ करत, तो सरळच होता तरी, म्हणाले, “इतक्या वर्षांत माझ्यामुळे दोन माणसंसुद्धा एकमेकांशी बोलायला लागली नाहीत, मिस्टर साठे. एक तरी समेट व्हायला हवा होता.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण हे वाक्य त्यांनी प्रोटोकॉल सोडून म्हटलं होतं, एवढं मला कळलं.

त्यानंतर काही दिवसांतच दाऊदभाईंच्या घरी पेच पडला. दाऊदभाईंना धाकटा भाऊ आहे, यासीन. खोर फक्कानच्या बंदराजवळ त्याचं बोटींना दोर, रंग, पाण्याचे कॅन पुरवायचं दुकान आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी यासीनभाईंच्या मुलाचं लग्न गावी झालं. त्यांच्यात रीत अशी, की तारीख बाहेर फुटण्याआधी थोरल्या भावाच्या घरी मिठाई घेऊन स्वतः जायचं आणि आमंत्रण तोंडाने द्यायचं. यासीनभाई निघालेही होते. पण डोंगर ओलांडून शारजात शिरता शिरता गाड्यांच्या रांगेत असे अडकले, की तिकडे बंदरात बोट लागायची वेळ झाली. ते वाटेतूनच परत फिरले आणि घरी पोचून त्यांनी मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवला. दाऊदभाईंनी तो फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून भावाचं नाव घेतलं नाही. “अडकतात सगळेच,” ते मला म्हणाले होते. “पण भावाच्या दारात येताना वाटेतून परत फिरतो, तो भाऊ कसला ओ?”

आता दाऊदभाईंच्या मुलीचं, सनाचं, लग्न ठरलं होतं. सना इथेच जन्मली, इथेच वाढली, दुबईत आर्किटेक्ट आहे. तिला पोहायला यासीनचाचूंनी शिकवलं, खोर फक्कानच्या समुद्रात, कंबरेला दुकानातला दोर बांधून. तिने घरात जाहीर केलं, की निकाहाला चाचू साक्षीदार म्हणून बसले तरच हॉल बुक करा. यासीनभाईंचा निरोप आला, की भाय स्वतः येऊन बोलावेल तर येईन. दाऊदभाई म्हणाले, मी गेलो तर त्याचंच खरं झालं. हॉलवाला रोज फोन करत होता. सना दोन्हीकडे फोन करकरून थकली होती.

साहेबांनी हे सगळं कॅफेटेरियात ऐकलं. आमंत्रण कुणी, कुणाला, कुठे आणि कसं द्यायचं, यावरून दोन पक्षांत पाच-सहा वर्षं बोलणं बंद. त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच वीस वर्षांचा तरुण पाहिला. “मिस्टर साठे,” ते हळूच म्हणाले, “ही शुद्ध प्रोटोकॉलची केस आहे.”

शुक्रवारी दुपारनंतर साहेब मला सोबत घेऊन दाऊदभाईंच्या घरी गेले. मी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, शिष्टमंडळ एकट्याचं नसतं. आम्ही बसलो. दाऊदभाईंच्या बायकोने, भाभींनी, चहा आणला. साहेबांनी कप घेतला, समोर टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसले. चहा निवला. दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. भाभी आतून साखर कमी घातलेला दुसरा कप घेऊन आल्या. साहेबांनी मान लववली, तोही पहिल्या कपाशेजारी ठेवला आणि पुन्हा गप्प. मग लिंबू पिळलेली बिनदुधाची सुलेमानी आली. मग वेलचीचं दूध. टेबलावर कपांची रांग वाढत गेली. कोकणात आलेल्या पाहुण्याला ‘का आलात’ असं विचारणं म्हणजे त्याला दार दाखवण्यासारखं, त्यामुळे दाऊदभाई मेले असते तरी विचारणार नव्हते. आणि साहेब मेले असते तरी आपण होऊन बोलणार नव्हते. अर्धा तास पाऊसपाण्यावर बोलणं झालं, म्हणजे शारजात होईल तेवढं. शेवटी दाऊदभाई माझ्या कानाशी आले. “काय झाला ओ साठे? घरची चाय साहेबाला कडू लागली काय?”

तेवढ्यात सना ऑफिसातून आली. तिने टेबल पाहिलं, कप पाहिले, साहेबांचे मांडीवरचे हात पाहिले.

“अब्बा, ही वॉन्ट्स समथिंग,” ती म्हणाली. “यू हॅव टू आस्क हिम.”

मग तिनेच उलगडून सांगितलं. वाळवंटातल्या टोळ्यांची ही जुनी रीत. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो पुढ्यातला पेला न पिता खाली ठेवतो. यजमानाने विचारायचं, काय हवं. आणि मागणं मंजूर झालं की मगच पाहुणा घोट घेतो. तिच्या शाळेच्या पुस्तकात हा धडा होता. साहेबांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्या देशाला कुणीतरी पुन्हा मान्यता दिली होती.

दाऊदभाई कोड्यात पडले, पण विचारते झाले. “बोला साहेब, काय पायजे?”

“यासीन साहब को आप की ज़बान से दावत,” साहेब म्हणाले.

दाऊदभाईंचे कान लाल झाले. “आधी चाय प्या. मग बघू.”

साहेब हलले नाहीत. रीतीप्रमाणे आधी मंजुरी, मग चहा. दाऊदभाईंच्या रीतीने आधी चहा, मग बोलणं. दोन रीती टेबलाच्या दोन बाजूंना ठाण मांडून बसल्या. मला वाटलं, हा करारही मासेमारीच्या वाटेने जाणार. पण साहेबांना नवाबी उर्दूवाल्या गुरुजींनी न शिकवलेली एक गोष्ट त्या घरात होती. भाभी पडदा सारून बाहेर आल्या, कपांच्या रांगेकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, “म्हातारा माणूस चाय न पिता आपल्या दारातून उठला, तर मी त्या लग्नात मेहंदी लावणार नाय. सांगून ठेवते.”

दाऊदभाईंनी चारही कप एका रेषेत सरळ केले. मग म्हणाले, “मंजूर. पण त्याच्या दारात नाय जाणार. अर्ध्या वाटेवर येईन.”

साहेबांनी रांगेतला पहिला, बर्फासारखा गार झालेला कप उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. त्यामागोमाग दुसरा, तिसरा आणि चौथाही. जिन्यात मी त्यांना विचारलं, ही रीत तुम्हाला कशी ठाऊक. ते म्हणाले, “तरुणपणी एका शेखच्या तंबूत सरकारचं मोठं काम घेऊन गेलो होतो. कॉफी सुंदर होती. मी लगेच प्यायलो. संपलं. काही मागायचंच नाही, असा अर्थ झाला. लंडनला कळवलं, चर्चा उपयुक्त झाली.”

पुढचा आठवडा साहेब हवेत तरंगत होते. अर्धी वाट म्हणजे नेमकी कुठली, यावर खोर फक्कानशी फोनवर बोलणी झाली आणि डोंगर सुरू व्हायच्या अलीकडचा एक पेट्रोल पंप ‘तटस्थ भूमी’ म्हणून नक्की झाला. कुणी कुणाची वाट पाहायची नाही, म्हणून दोन्ही गाड्या एकाच वेळी पोचणार. दारंही एकाच वेळी उघडणार. आधी थोरला एक पाऊल टाकणार, मग धाकटा दोन. साहेबांनी हे सगळं टेबलावर चमचे मांडून आम्हाला समजावलं. दाऊदभाई म्हणजे मोठा चमचा.

शनिवारी मी गाडी काढली. मानाची जागा मागे उजवीकडे की डावीकडे, यावर खाली पार्किंगमध्ये दहा मिनिटं गेली. शेवटी दाऊदभाई मागे एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला, मांडीवर मिठाईचा डबा आणि हातात चहाचा थर्मास, सना माझ्या शेजारी. आणि शारजातून बाहेर पडायच्या आतच आम्ही अडकलो. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. चारी रांगा ठप्प. ठरलेली वेळ झाली, उलटली. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, पण थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. पुढच्या यू-टर्नपाशी रांग जराशी सरकली तेव्हा दाऊदभाईंची नजर त्या वळणावर गेली. वळलो असतो तर पंधरा मिनिटांत घरी. मी सिग्नल दिला नाही.

सनाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. यासीनभाई पंपावर येऊन थांबले होते. “किधर हो सना?”

“चाचू, वी आर स्टक.”

पलीकडे गाडीचं दार बंद झालं. मग आवाज आला, “भाय हाय काय गाडीत?”

“हाय,” दाऊदभाई खिडकीकडे बघत म्हणाले. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला तो पहिला शब्द.

“अडकलास?”

“अडकलो.”

“कधीपास्नं?”

“दुपारी असरची बांग झाली तेव्हापास्नं.”

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. कुणी लक्ष दिलं नाही.

“मग? आता कळला तुला?” यासीनभाई म्हणाले.

दाऊदभाईंनी घसा खाकरला. “कळला.”

“परत नको फिरू, भाय. मीच येतो तिकडे.”

“हे ठरलं नव्हतं,” साहेब मागून मला इंग्रजीत कुजबुजले. “ती तटस्थ भूमी नाही.” पण सना रडत होती, दाऊदभाई खिडकीची काच उगाच खालीवर करत होते, आणि साहेबांचं म्हणणं कार्यवाहीत नोंदवायला कुणीच मोकळं नव्हतं.

ट्रक हलला. पुढच्या पहिल्याच पंपावर यासीनभाई समोरून येऊन पोचले होते. मी गाडी थांबवतो न थांबवतो तोच दाऊदभाईंनी साहेबांच्या मांडीवरचा डबा उचलला, दार उघडलं आणि एक पाऊल टाकायच्या ऐवजी धावत सुटले. यासीनभाईही दोन पावलं विसरले. टायरला हवा भरायच्या मशीनशेजारी दोन पांढऱ्या दाढ्या एकमेकींत अडकल्या. डबा मध्ये चेंगरला. “पोरीचं लगीन हाय, ये,” एवढंच दाऊदभाई म्हणाले. आमंत्रण तोंडाने, समक्ष, मिठाईसह. प्रोटोकॉलमध्ये काही कमी नव्हतं.

आणि साहेब? साहेब गाडीत अडकले होते. माझी लेक लहान होती तेव्हा मी मागच्या डाव्या दाराचा चाइल्ड लॉक लावला होता, तो काढायचा राहून गेला होता. ते थर्मास सांभाळत दाराशी झटत होते. सनाने दोघा भावांचा फोटो काढला तो नेमका त्याच क्षणी. फोटोत मध्ये दोन भाऊ आहेत, मागे पेट्रोल पंप आहे, आणि अगदी उजव्या कडेला, गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेलं, कोटाच्या बाहीतलं एक कोपर.

मी दार उघडून माफी मागायला लागलो, तर साहेबांनी मला थांबवलं. थर्मासच्या झाकणात चहा ओतला, भावांकडे बघत सगळा संपवला आणि म्हणाले, “या खेपेला सरकार पडलं नाही.” सनाने तो फोटो त्यांना फ्रेम करून दिला. जुन्या कोपराशेजारी त्यांनी नवं कोपर लावलं, बोटभर वर. आल्या-गेल्याला ते नवंच आधी दाखवत. लग्नातल्या टेबलांचा नकाशाही त्यांनीच काढला होता. अर्थात त्याप्रमाणे कुणीही बसलं नाही. आमचे लोक बिर्याणीच्या दिशेने बसतात. साहेबांना मात्र दोन्ही भावांनी ओढून आपल्या मध्ये बसवलं, आणि ती खुर्ची नकाशात कुठेच नव्हती.

या गोष्टीला बरेच महिने झाल्यावर एका संध्याकाळी साहेब आमच्याकडे आले. बायकोने चहा दिला. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

आता आम्ही शहाणे झालो होतो. बायको तिथल्या तिथे म्हणाली, “मंजूर, साहेब. काय हवंय?”

साहेबांचे गुडघे आता जिना मानत नव्हते, आणि इंग्लंडमधल्या मुलीने वर्षभर चालवलेल्या वाटाघाटी यशस्वी झाल्या होत्या. साहेब तिच्याकडे कायमचे निघाले होते. मागणं वेगळंच होतं. ते म्हणाले, की आयुष्यभर त्यांनी देश सोडले ते ड्रायव्हर आणि दूतावासातल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाच्या साक्षीने. तो माणूस घड्याळाकडे बघत असे. “इथल्या विमानतळावर मी तुमच्या लोकांना पाहिलंय. एक जण जातो आणि त्याच्यामागे अख्खं घर येतं. कुणी रडतं, कुणी पुन्हा पुन्हा वजन करतं, कुणाचं तरी भांडण होतं.” मग कपाकडे बघत म्हणाले, “मला तसं जायचंय.” आणि ते चहा प्यायले.

तसंच पोचवायला गेलो आम्ही त्यांना. दाऊदभाईंनी दुपारपासून कॅफेटेरिया बंद ठेवलं. यासीनभाई खोर फक्कानहून वेळेच्या आधी आले. सना नवऱ्याला घेऊन आली. भाभींनी दिलेल्या आंब्याच्या लोणच्यामुळे विमानतळावर वजन जास्त भरलं, मग बॅग जमिनीवर उघडून लोणचं ठेवायचं की पितळी पाटी, यावर दोन भावांचं भांडण झालं, जे साहेब अतिशय समाधानाने ऐकत उभे राहिले. शेवटी पाटी माझ्याकडे आली. ती आमच्या कपाटात बनियनांच्या कप्प्यात आहे. साहेबांनी सगळ्यांना वयाप्रमाणे रांगेत उभं करून निरोपाचं हस्तांदोलन सुरू केलं. पहिल्याच माणसाने, म्हणजे दाऊदभाईंनी, मिठी मारून रांग मोडली. माझी लेक, जिने त्यांच्याशी कधी ‘हाय’ आणि ‘बाय’पलीकडे बोलल्याचं मला आठवत नाही, ती डोळे पुसत म्हणाली, “हू विल होल्ड द लिफ्ट नाऊ?”

निघताना दाऊदभाईंनी थर्मासमधून कागदी कपात करक ओतून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी तो कप तीन बोटांत धरला. वाफ जाईस्तोवर धरून उभे राहिले. मग न पिता, अगदी अलगद, शेजारच्या कठड्यावर ठेवला, आम्हा सगळ्यांना एकदा वाकून मान दिली आणि ट्रॉली ढकलत आत निघाले.

आम्ही सगळे कपाकडे बघत राहिलो. ते दारापाशी पोचले तेव्हा दाऊदभाई भानावर आले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, “मंजूर, साहेब!” साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. नुसतं उजवं कोपर जरा वर झालं, आणि दार सरकून मिटलं.

मागणं काय होतं, यावर कॅफेटेरियात अजून एकमत नाही. भाभींच्या मते, दोघा भावांनी पुन्हा भांडू नये. यासीनभाई म्हणतात, परत यायचं होतं त्यांना, दुसरं काय. माझी लेक म्हणते, “बाबा, मेबी इट वॉज जस्ट टू हॉट.” दाऊदभाई या वादात पडत नाहीत. त्यांचं म्हणणं, एकदा मंजूर म्हटलं की म्हटलं. ते आपले संध्याकाळी ती प्लॅस्टिकची खुर्ची पुसून भिंतीशी ठेवतात, आणि कुणी नवखा तीत बसायला गेला, की त्याला दुसरी आणून देतात.